कूलरच्या आवाजात जर्मन: विद्यापीठाच्या सायंकालीन अभ्यासक्रमाविषयी

नागपुरातील एका विद्यापीठीय भाषा विभागात चालणारा जर्मनचा सायंकालीन अभ्यासक्रम मी सलग दोन वर्षे केला. पहिल्या वर्षी प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षी पदविका. विभागाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे तक्रारी बऱ्याच येणार आहेत आणि त्या कोणा एकाच्या माथी मारण्याचा हेतू नाही. मी स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, त्यामुळे बाकाच्या दोन्ही बाजूंनी बसण्याची सवय आहे. माझे मत आधीच सांगते: भाषेचे शिक्षण शुल्काच्या मानाने चांगले आहे, संस्कृतीचे शिक्षण फारच पातळ आहे, आणि दोन्हींचे सर्वात मोठे नुकसान सगळे काही इंग्रजीच्या खिडकीतून दाखवण्याच्या हट्टामुळे होते.

प्रथम तासांचा हिशेब, कारण प्रवेश घेणाऱ्यांची सर्वाधिक फसगत येथेच होते. भाषेचे प्रावीण्य मोजण्याच्या युरोपीय चौकटीत ए1 ते सी2 असे सहा चढते स्तर आहेत. जर्मन भाषा आणि संस्कृतीचा प्रसार करणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार ए1 गाठण्यासाठी पंचेचाळीस मिनिटांच्या 80 ते 200 तासिका लागतात आणि बी1पर्यंत पोहोचायला एकूण 350 ते 650. आमचा वर्ग आठवड्यातून तीन दिवस, दीड तासाचा, म्हणजे आठवड्याला सहा तासिका होत. वर्षाचे चोवीस आठवडे धरले तर कागदावर 144 भरतात. दिवाळीची सुटी, पोळ्यानंतरची मारबतीची मिरवणूक, आणि पदवी परीक्षांसाठी काढून घेतलेली वर्गखोली वजा जाता माझ्या वहीत पहिल्या वर्षी 104 उरल्या. तेवढ्यात ए1 नीट होतो, आणि पदविकेअखेर घरी नेटाने अभ्यास केला असेल तर ए2. माहितीपत्रकात ‘अस्खलित संभाषण’ असे शब्द असतील, तर ते माहितीपत्रकातच राहू द्यावेत. तरीही खासगी वर्गात एका स्तराला जेवढे पैसे मोजावे लागतात, त्याहून कमी शुल्कात येथे अख्खे वर्ष निघते, आणि त्या पैशांत मिळणारे व्याकरण पक्के असते, हे कबूल केले पाहिजे.

पहिल्या वर्षीच्या मॅडम अभ्यासू होत्या, पण त्यांचा सगळा प्रवास इंग्रजीतून जर्मनकडे होता. फळ्यावर इंग्रजी वाक्य, त्याखाली जर्मन वाक्य, आणि दोन्हींत फरक कोठे आहे याचे स्पष्टीकरण. ‘मला थंडी वाजते’ यासाठी जर्मनमध्ये ‘मिअर इस्ट काल्ट’ म्हणतात, तेथे ‘मिअर’ हे ‘मी’चे चतुर्थीसारखे रूप आहे, हे समजावण्यात एक संपूर्ण संध्याकाळ गेली, कारण इंग्रजीत तेथे ‘आय’ येतो. वर्गातल्या पंचवीस जणांपैकी अठरा-वीस जणांच्या घरी मराठी बोलली जात होती आणि ‘मला’ हा शब्द ते दिवसातून शंभरदा वापरत होते, तरी त्यांना तो नियम परका म्हणून पाठ करावा लागला.

दुसऱ्या वर्षी तासिका तत्त्वावर एक सर आले. ते विदर्भातलेच, पुण्यात जर्मन शिकलेले. पहिल्याच आठवड्यात मी ‘मला हे पुस्तक आवडते’ याचे जर्मन करताना अडखळले, तेव्हा ते म्हणाले, “ताई, ‘आय लाइक’ विसरा. ‘मला आवडते’ असेच मनात धरा आणि मग जर्मन करा. आवडणारी वस्तू कर्ता, ज्याला आवडते तो चतुर्थीत. आपल्याकडे आहे तसेच आहे.” खरोखरच ‘गेफालन’ हे क्रियापद आपल्या ‘आवडणे’सारखे चालते. त्या दिवसापासून मी वहीचे दोन रकाने केले, एकात जर्मन आणि दुसऱ्यात मराठी. इंग्रजीला जागा ठेवली नाही.

हा रकाना भरत गेला तसतशी मजा वाढत गेली. जर्मन लोक पंचवीसला ‘पाच आणि वीस’ म्हणतात. आपणही पंच आणि वीसच म्हणतो, फक्त आपल्या बोलण्यात ते इतके झिजले आहे की लक्षात येत नाही. (एकोणतीसला मात्र त्यांच्याकडे उत्तर नाही, ते मुकाट्याने ‘नऊ आणि वीस’ म्हणतात.) दीडसाठी त्यांच्याकडे ‘आंडरटहाल्प’ असा एकसंध शब्द आहे, जो इंग्रजीकडे नाही. घड्याळात मात्र सावध राहावे लागते: ‘हाल्प फिअर’ म्हणजे साडेचार नव्हे, चारला अर्धा तास कमी, अर्थात साडेतीन. रुग्णालयाला ‘क्रांकनहाउस’ म्हणजे आजाऱ्यांचे घर आणि रुग्णवाहिकेला ‘क्रांकनवागन’ म्हणजे आजाऱ्यांचे वाहन, हे ऐकल्यावर तत्पुरुष समास शिकवणाऱ्या माझ्यासारखीला वेगळे काही पाठ करण्याची गरज उरत नाही. ‘कारण मी आजारी आहे’ अशा गौण वाक्यात जर्मन क्रियापद शेवटी जाते. आमच्या वर्गातील इंग्रजी माध्यमाची मुले यावर कपाळाला हात लावत, आणि आम्हाला ते घरी परतल्यासारखे वाटे.

लिंगांचे प्रकरण याहून गंमतीचे. तीन लिंगे म्हटल्यावर सगळे घाबरतात, पण तीन लिंगे आपल्याकडेही आहेत. मुलीसाठी असलेला ‘मेडशेन’ हा शब्द नपुंसकलिंगी का, असा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतो आणि वर्गात हशा पिकतो. कारण त्याच्या शेवटचा ‘शेन’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय आहे आणि तो लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू हे शब्द ज्यांच्या तोंडात आहेत, त्यांना यात हसण्यासारखे काही नसावे. अर्थात लिंगाची कल्पना समजली म्हणून प्रत्येक शब्दाचे लिंग जुळते असे नाही. पुस्तक दोन्हीकडे नपुंसक, पण दार त्यांच्याकडे स्त्री आणि खिडकी नपुंसक. चंद्र दोन्हीकडे पुरुष, पण सूर्य त्यांच्याकडे स्त्रीलिंगी. हे पाठच करावे लागते, आणि शब्द लिहिताना ‘देअर’, ‘डी’, ‘दास’ यांपैकी एक उपपद सोबत लिहिले नाही तर पुढे पस्तावण्याची वेळ येते. माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीत उपपदे नाहीत. ती वही आता निरुपयोगी आहे.

उच्चारांतही मराठी माणसाला बरेच काही फुकट मिळते. वेळ या अर्थाचा ‘त्साइट’ हा शब्द ‘चांगला’मधल्या ‘च’ने सुरू होतो, ‘चहा’मधल्या ‘च’ने नव्हे; स्वरापूर्वीचा ‘एस’ हा ‘झाड’मधल्या ‘झ’च्या जवळ जातो. ‘यू’वर दोन ठिपके असलेला स्वर मात्र आपल्याकडे नाही, ‘ई’ म्हणत राहावे आणि ओठ ‘ऊ’सारखे गोल करावेत, हा सरांचा उपाय आरशासमोर करून पाहावा, एरवी तो संकोचाचा विषय होतो.

आता कूलरची गोष्ट. श्रवण हा जर्मनच्या बहुतेक स्तर परीक्षांतला चौथा हिस्सा असतो, आणि तो शिकवण्यासाठी विभागात एक छोटा स्पीकर होता. मार्चअखेर वर्गात डेझर्ट कूलर सुरू झाला की त्या स्पीकरमधून रेल्वे स्थानकावरची उद्घोषणा चालू आहे की बेकरीतला संवाद, हे कळेनासे होई. कूलर बंद करावा तर संध्याकाळी साडेपाचलाही भिंती तापलेल्या, आणि चालू ठेवावा तर ध्वनिफीत व्यर्थ. दोन्ही वर्षे हा प्रश्न मतदानाने सुटला आणि दोन्ही वर्षे कूलर जिंकला. भाषा प्रयोगशाळा असल्याचे फलकावर लिहिलेले होते. तिला मी दोन वर्षांत कुलूपच पाहिले. परिणाम असा की आमच्यातील सगळेच वाचन आणि लेखनात बरे, श्रवणात लंगडे. मी घरी जर्मन रेडिओच्या संथ वाचलेल्या बातम्या ऐकून ही उणीव थोडी भरून काढली. ज्यांनी तसे केले नाही त्यांचे गुण त्याच जागी गेले.

संस्कृतीच्या प्रश्नपत्रिकेविषयी लिहिताना मात्र माझा स्वर थोडा चढतो. संघराज्यातील 16 राज्ये, ऱ्हाइन, एल्ब आणि डॅन्यूब या नद्या, 13 ऑगस्ट 1961ला बर्लिनची भिंत उभी राहिली, 9 नोव्हेंबर 1989ला ती खुली झाली, 3 ऑक्टोबर 1990ला एकीकरण झाले, एवढे पाठ केले की उत्तीर्ण. भिंतीमुळे घराघरांत काय घडले, सुमारे चाळीस वर्षे वेगळ्या व्यवस्थांत वाढलेली माणसे एका देशात आल्यावर काय झाले, यावर एक तासिकाही नाही. माहिती चुकीची नव्हती, पण स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शिकेतही तेवढी मिळते.

आणि हे सारे नागपुरात, जेथून रामटेक पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. ज्या रामगिरीवरून यक्षाने मेघाला निरोप दिला तो रामटेकच, असे आपण मानतो; त्या मेघदूताचा जर्मन अनुवाद 1847 साली संस्कृतचे जर्मन अभ्यासक माक्स म्युलर यांनी केला आणि त्याला नाव दिले ‘वोल्कनबोटे’. ‘वोल्के’ म्हणजे ढग, ‘बोटे’ म्हणजे दूत. समासाचा यापेक्षा चांगला धडा कोणता? हेच म्युलर, डेसाऊ येथे 1823 साली जन्मलेले, आयुष्यात कधी भारतात आले नाहीत, आणि तरी गोएथे इन्स्टिट्यूट भारतात त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्याआधी 1791 साली गेओर्ग फोर्स्टर यांनी शाकुंतलाचे जर्मन भाषांतर इंग्रजीवरून केले होते, आणि ते वाचून जर्मन महाकवी गोएथे यांनी त्या नाटकाच्या स्तुतीत चार ओळी लिहिल्या. दीक्षाभूमीच्या शहरात आणखी एक गोष्ट सांगता आली असती: डॉ. बाबासाहेब आंबेडकर जर्मन शिकले होते आणि लंडनमध्ये अभ्यास करत असतानाच्या काळात त्यांनी बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले होते. आमच्या वर्गातील निम्म्या मुलांना हे ऐकून पुढच्या बाकावर येऊन बसावेसे वाटले असते. अभ्यासक्रमात यांतले एक अक्षर नाही. सरांनी मेघदूताचा उल्लेख एकदा केला, तोही हजेरी घेता घेता.

प्रमाणपत्राच्या उपयोगाविषयी स्पष्ट असावे. वर्गातले बरेच जण जर्मनीला जाण्यासाठी आले होते: तिकडच्या बहुतेक शासकीय विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते हे ऐकून आलेले अभियंते, एक परिचारिका, आणि पतीकडे जाण्यासाठी ए1 करणारी एक मुलगी. व्हिसासाठी विद्यापीठाची गुणपत्रिका चालत नाही. मान्यताप्राप्त संस्थेची स्तर परीक्षा वेगळी द्यावी लागते, आणि तिच्यात उत्तीर्ण होण्यासाठी शंभरपैकी साठ गुण लागतात. मी स्वतः पुण्याला जाऊन ए2 दिली. लेखनात उत्तम, श्रवणात काठावर. ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही. त्या परिचारिकेला तर ती दिवाळीनंतर कळली, आणि तिला नोकरीसाठी बी2पर्यंत जायचे असल्याने तिने हा वर्ग सोडून रोजचा वर्ग धरला. तिचा निर्णय योग्य होता. घाई असलेल्यांसाठी हा अभ्यासक्रम नाही.

कार्यालयीन कारभाराबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. निकाल उशिरा लागतो, गुणपत्रिका त्याहून उशिरा येते, आणि सरांचे मानधन त्याहूनही उशिरा येत असावे, कारण दुसऱ्या सत्रात ते दोन आठवडे दिसले नाहीत.

प्रवेश घेण्यापूर्वी कार्यालयात नव्हे, वर्गात जाऊन चौकशी करावी. यंदा कोण शिकवणार आहे आणि ते मराठीतून समजावतात का, हे जुन्या विद्यार्थ्यांना विचारावे, कारण येथे अभ्यासक्रमापेक्षा माणसावर जास्त अवलंबून आहे. नोकरदारांना वेळ सोयीची आहे, आणि सीताबर्डीहून मेट्रोने आले तर वाहन लावण्याचा प्रश्न उरत नाही. पहिल्या दिवशी थोडे लवकर पोहोचून डावीकडची तिसरी रांग धरावी; तेथे कूलरचा वारा पोहोचतो आणि त्याचा आवाज त्यातल्या त्यात कमी येतो.