सिग्नलला कॅमेरा बरा की मामा?
सोसायटीत वाद चाललाय, चौकात कॅमेरा मागायचा की ट्रॅफिकवाले मामा. अपघाताचं बघाल तर कॅमेऱ्याने आडवी धडक, म्हणजे जास्त जीवघेणी, ती कमी होते असं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलंय, पण पिवळा लागला की पुढचा कचकन ब्रेक मारतो आणि मागचा येऊन ठोकतो, ते मात्र वाढतं. मामा दिसले की सगळे झेब्रा क्रॉसिंगच्या मागे शहाण्यासारखे उभे, ते चहाला गेले की ये रे माझ्या मागल्या! कॅमेरा रात्री दोनलाही जागा, फक्त नंबर प्लेटवर चिखल असला की आंधळा, आणि जाम झाला तर सोडवणार कोण? रात्री सुसाट गाड्या जाणारा मोठा चौक असेल तर कॅमेरा घ्या, शाळेजवळ किंवा सिग्नल सारखा बंद पडतो तिथे मामाच.