नीलम की टांझानाइट? आधी कुठे घालणार ते ठरवा

निळा खडा घ्यायचा म्हटलं की सगळे रंगावर अडतात. तो बोटात घालणार की कानात, हे आधी ठरलं तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

खनिजांची कठीणता १ ते १० मध्ये सांगणाऱ्या मोह्स मापावर नीलम ९, टांझानाइट ६ ते ७. कागदावर फरक किरकोळ वाटतो. पण साध्या धुळीत क्वार्ट्झचे (गारेचे) कण असतात, त्यांची कठीणता ७. त्यामुळे रोजच्या अंगठीतला टांझानाइट नुसत्या पुसण्यानेही झिजतो: आधी पैलूंच्या कडा बोथट होतात, मग वरचा सपाट पैलू धुरकट दिसू लागतो. शिवाय एका दिशेने सरळ दुभंगायची त्याला खोडच आहे. अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची) आणि वाफेची सफाई त्याला वर्ज्य. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश एवढंच. अंगठीचं माप बदलायचं असेल तर खडा आधी काढायला सांगा, ज्योतीची आच लागली की तो तडकू शकतो. रोज वापरायच्या अंगठीला नीलमच.

कानातल्यांत किंवा पेंडंटमध्ये मात्र पारडं टांझानाइटकडे झुकतं. खडा फिरवला की कधी निळा, कधी जांभळा. पिवळ्या दिव्याखाली जांभळा वरचढ होतो, म्हणून उन्हातही बघा. घनता कमी (३.३५, नीलमची ४) असल्याने तेवढ्याच कॅरट वजनात तो मोठा दिसतो.

नाव मात्र अगदी अलीकडचं. टांझानियातल्या मेरेलानी टेकड्यांत तो १९६७ साली सापडला आणि पुढच्याच वर्षी टिफनी या अमेरिकन दागिन्यांच्या कंपनीने त्याचं बारसं केलं. नीलमचा लौकिक जुना: जम्मू-काश्मीरच्या पाडरमधल्या खाणी १८८० च्या दशकातच जवळजवळ संपल्या, तरी मखमली निळ्याची तुलना आजही तिथल्याच खड्यांशी होते. १९८१ मध्ये डायनाच्या बोटात दिसला तो श्रीलंकेचा, १२ कॅरटचा.

रंगासाठी दोन्ही खडे तापवतात. टांझानाइट बहुधा मुळात तपकिरी असतो, सुमारे ५०० ते ६०० अंशांवर निळा होतो. त्याने भावात फरक पडत नाही. नीलममध्ये पडतो, आणि चांगलाच. ‘न तापवलेला’ म्हणून जास्त पैसे मागत असतील तर प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर तसं लिहिलेलं हवं. भेगांत कोबाल्टची निळी काच भरलेला नीलम घेऊच नका: लिंबाच्या रसानेही ती काच खराब होते आणि भेगा उघड्या पडतात.

शेवटी खडा छापील अक्षरांवर धरा. मधून अक्षरं वाचता आली तर घडण उथळ आहे, रंग कितीही गडद असो.