मनगटाच्या दुखापतीचे अचूक निदान: हाताच्या शस्त्रक्रिया केंद्राचा अनुभव

माझा धाकटा भाऊ गच्चीवरची पाण्याची टाकी धुताना शिडीवरून पडला आणि सगळा भार टेकलेल्या तळहातावर आला. आधीच्या रुग्णालयात एक्स-रे काढून ‘मुका मार आहे’ असे सांगण्यात आले आणि क्रेप बँडेज बांधून त्याला घरी पाठवले. नवव्या दिवशी अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर झाले, तेव्हा आम्ही या केंद्रात आलो.

येथील डॉक्टरांनी आधी मनगट चारही बाजूंनी दाबून पाहिले, बोटांची संवेदना तपासली आणि मगच जुने एक्स-रे हातात घेतले. बाजूने काढलेला एक्स-रे तिरका आला होता, म्हणून हात नीट ठेवून तो पुन्हा काढून घेतला. मनगटातील आठ लहान हाडांपैकी ल्युनेट हे चंद्रकोरीच्या आकाराचे हाड बाजूच्या चित्रात रेडियसच्या (पुढच्या हातातील अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या) टोकावर वाटीसारखे बसलेले दिसते आणि त्या वाटीत कॅपिटेट हे त्या आठांपैकीच दुसरे हाड असते. भावाच्या चित्रात ती वाटी तळहाताकडे कलंडून रिकामी झाली होती, म्हणजे ल्युनेट जागेवरून निसटले होते, आणि तिच्याच दाबाने मीडियन नस, म्हणजे अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला संवेदना देणारा मज्जातंतू, चेपली जात होती. जुन्या, समोरून काढलेल्या एक्स-रेमध्येही ल्युनेट चौकोनी न दिसता त्रिकोणी दिसत होते, हे त्यांनी बोट ठेवून दाखवले, पण आधीच्या डॉक्टरांविषयी एकही वावगा शब्द काढला नाही. ते मला फार भावले. अशा दुखापतींच्या १६६ रुग्णांच्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे चौथा हिस्सा रुग्णांचे निदान सुरुवातीला निसटले होते, त्यामुळे चूक समजण्यासारखी आहे. मात्र बाजूचा एक्स-रे तिरका असताना त्यावर विसंबणे मला आजही पटत नाही.

बारीक तुकडे उडाले आहेत का हे पाहण्यासाठी सीटी स्कॅन झाला आणि दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया करून हाड जागेवर बसवले, हाडांना एकमेकांशी जोडणारे फाटलेले स्नायुबंध (लिगामेंट) शिवले आणि तारा घातल्या. त्या आठ आठवड्यांनी काढल्या.

उणिवाही सांगायला हव्यात. वेळ ठरवून गेल्यावरही दोन तास बसावे लागले, आणि घरी घ्यायच्या काळजीचा कागद फक्त इंग्रजीत होता, जो आमच्या आईला वाचता आला नाही. बोटांची बधिरता आता गेली आहे; मनगट मागे पूर्ण वळत नाही, त्यासाठी फिजिओथेरपी येथेच सुरू आहे.