बंद पडलेला लॅपटॉप: एक्स्चेंजमध्ये द्यावा की रिसायकलरकडे?

नवीन वस्तू घेताना जुनी एक्स्चेंजमध्ये देणं आणि ई-कचऱ्याच्या परवानाधारक रिसायकलरकडे स्वतः नेऊन देणं, हे दोन्ही मार्ग मी वापरले आहेत. वस्तू चालू असेल तर एक्स्चेंजला नावं ठेवायला मला जागा दिसत नाही. माणूस घरी येतो, किंमत लगेच वळती होते, आणि फोन दुरुस्त होऊन दुसऱ्याच्या हातात गेला तर ते रिसायकलिंगपेक्षाही बरं. फोनमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो तयार होतानाच पडून गेलेला असतो, त्यामुळे तो जितकी जास्त वर्षं चालेल तितकं चांगलं.

माझं गणित फिसकटलं ते लॅपटॉपवर. सात वर्षं वापरलेला, चालूच होत नव्हता. न्यायला आलेल्या मुलाने बटण दोनदा दाबून पाहिलं आणि फॉर्मवर ‘बंद’ अशी खूण केली. मी म्हटलं, हार्ड डिस्क काढून ठेवतो. तो म्हणाला, "सर, सगळे पार्ट असतील तरच घेता येतं." त्या डिस्कवर बँकेचे आणि कराचे कागद होते, आईचे सगळे रिपोर्ट होते. हा पुढे कुठे जाणार, असं विचारलं तर ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नसणार. पण मी लॅपटॉप परत आत नेला.

चालू फोनचं तसं सोपं असतं. अलीकडच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा असतो, रीसेट केला की त्याची किल्लीच पुसली जाते. बंद लॅपटॉप रीसेट करणार कसा? आणि मशीन बंद पडलं म्हणून डिस्क मेली असं होत नाही. ती एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की बहुतेक वेळा सगळं जसंच्या तसं उघडतं.

रिसायकलरकडे मात्र खालचं झाकण उघडून डिस्क माझ्यासमोर काढली, तिला ड्रिलने आरपार भोकं पाडली आणि पावतीवर तिचा सिरीयल नंबर लिहून दिला. पावतीवरचा नंबर मी डिस्कवरच्या नंबराशी जुळवून पाहिला. झाकण उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. बॅटरी फुगून तिने ट्रॅकपॅड खालून वर ढकललं होतं, आणि मी महिनाभर ते बटण बिघडलंय असं समजत होतो. अशी लिथियम बॅटरी दाबली गेली किंवा तिला भोक पडलं तर पेट घेऊ शकते, म्हणून त्यांनी ती वाळूच्या डब्यात वेगळी ठेवली. जुना मॉनिटरही सोबत नेला होता. जुन्या एलसीडीच्या मागच्या दिव्यांत पारा असतो, त्यामुळे तो घरी खोलायच्या फंदात पडू नये.

गैरसोय आहेच. जावं लागतं, ठरावीक वाराला जावं लागतं, पैसे जवळपास काहीच मिळत नाहीत. आणि प्रत्येक रिसायकलर भरवशाचा असतो असंही म्हणवत नाही. 2022 मध्ये जगभरात सुमारे 6.2 कोटी टन ई-कचरा तयार झाला, आणि रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद त्यातल्या जेमतेम 22 टक्क्यांचीच आहे. उरलेल्यातला काही उघड्यावर जाळला जातो किंवा ॲसिडमध्ये बुडवला जातो, आणि तो धूर तिथे काम करणाऱ्यांच्या छातीत जातो. ‘पुढे कुठे जाणार’ हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

तुमच्याकडे नुसता चालू फोन किंवा टॅबलेट असेल तर कदाचित एक्स्चेंजच सोयीचं पडेल, मी स्वतः टॅबलेट तसाच दिला. पण बंद पडलेलं, डिस्क असलेलं किंवा बॅटरी फुगलेलं काही असेल तर मी रिसायकलरकडेच जाईन. निघण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा: डिस्क समोर नष्ट करून सिरीयल नंबरची पावती देता का, आणि फुगलेली बॅटरी घेता का. मी तीन ठिकाणी विचारलं होतं, दोन्हीला ‘हो’ एकानेच म्हटलं.