३८ हजारांच्या लॅपटॉपमध्ये १ टीबी एसएसडी टाकली, सव्वा वर्ष वापरून लिहितोय

आमच्या आजोबांचं वाई तालुक्यात भजनी मंडळ होतं. ते गेल्यावर माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत १४० च्या आसपास कॅसेट सापडल्या, काकडा, हरिपाठ, सप्त्यातली भजनं, बहुतेक सी-साठ आणि थोड्या सी-नव्वद (म्हणजे ६० आणि ९० मिनिटांच्या), कव्हरवर आजोबांच्या अक्षरात तारखा. मी आणि ताईने ठरवलं की सगळ्या लॅपटॉपवर उतरवायच्या. लॅपटॉप साधाच, २०२२ साली ३८ हजाराला घेतलेला, आय थ्री, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क. त्या २५६ चे विंडोजमध्ये २३७ दिसतात, त्यातले विंडोज, ऑफिस, फोनचे फोटो आणि व्हॉट्सॅपचे लग्नाचे व्हिडिओ यातच निम्म्याहून जास्त गेलेले.

एका रविवारी १९८६ च्या काकड्याची कॅसेट लावली होती, बी साईड चालू, पखवाज जमलेला, आजोबांनी वरचा सूर लावला आणि स्क्रीनवर मेसेज आला की डिस्कवर जागा संपली. रेकॉर्डिंग तिथेच थांबलं. बाहेरच्या माणसाला वाटेल काय झालं, परत लावा कॅसेट. पण ४० वर्षांची टेप आहे हो ती, दर वेळी प्लेअरमध्ये घालताना धाकधूक असते की आता गुंडाळतेय की काय. त्या दिवशी ताई काही बोलली नाही, कॅसेट काढली, पेन्सिलने टेप घट्ट केली आणि डबीत ठेवून दिली.

आता जागा किती लागते ते बघा, म्हणजे तुमच्या कामाचा पण अंदाज येईल. जुनं रेकॉर्डिंग जतन करणारे लोक साधारण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला उतरवतात, आम्ही पण तेच धरलं, कारण नंतर टेपची खरखर काढायला तो तपशील लागतो. यात एका मिनिटाला ३५ एमबी जातात, म्हणजे सी-साठची एक फाईल २ जीबीच्या पुढे, आणि ऑडॅसिटी, म्हणजे आमचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, स्वतःचा प्रोजेक्ट ३२ बिटमध्ये ठेवतं ते वेगळे पावणेतीन. एका कॅसेटला पाच जीबी पकडा. १४० कॅसेट म्हणजे ७०० जीबी. पेन ड्राईव्हने भागणारं काम नाही हे.

तरी पहिली चूक मी तीच केली. ऑनलाईन एका विक्रेत्याकडे २ टीबीचा पेन ड्राईव्ह हजार रुपयांच्या आत होता, घेतला. लॅपटॉपला लावला तर खरंच २ टीबी दिसायचे, फाईली पण कॉपी व्हायच्या. दहा-बारा कॅसेट टाकल्यावर जुन्या फाईली उघडेनात. मग एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे ते चालवलं, ते अख्खा ड्राईव्ह भरून परत वाचून बघतं, तर आतली खरी मेमरी निघाली ३२ जीबी. बाकी नुसतं फर्मवेअरमध्ये, म्हणजे ड्राईव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं खोटं. ३२ संपले की नवीन डेटा जुन्याच्या डोक्यावर बसतो. मूळ फाईली लॅपटॉपवरून उडवल्या नव्हत्या म्हणून वाचलो. कळकळीने सांगतो, इतक्या स्वस्तात २ टीबी कुठेही मिळत नाही, आणि कुठलाही नवीन पेन ड्राईव्ह किंवा कार्ड आणलं की पहिल्या दिवशी ही टेस्ट चालवा, रात्रभर लागली तरी चालवा.

मग एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतली. ती चांगली आहे, आजही बॅकअपला तीच आहे. पण रेकॉर्डिंग थेट तिच्यावर करायचं म्हणजे केबलला जरा धक्का लागला की ड्राईव्ह गायब, आणि आमच्या घरात टेबलाखालून मांजर आणि ताईचा मुलगा दोघेही जातात. आतच काहीतरी बसवायला हवं होतं.

एका सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणे या मॉडेलला स्टोरेज वाढत नाही, नवीन लॅपटॉप घ्या. हे ऐकून बरेच लोक गप्प बसतात, मी पण बसलो होतो दोन आठवडे. ते खरं नव्हतं. तुमच्या लॅपटॉपचा अख्खा मॉडेल नंबर खालच्या स्टिकरवर असतो, तो घ्या आणि कंपनीच्या साईटवर त्याचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. त्यात प्रत्येक स्क्रू, प्रत्येक स्लॉट चित्रासकट असतो. लेनोवोचा असेल तर पीएसआरईएफ नावाच्या त्यांच्या साईटवर किती ड्राईव्ह बसतात आणि कुठल्या मापाचे ते लिहिलेलं असतं, आणि तिथेच कळतं की काही मॉडेलना मोठ्या बॅटरीच्या व्हर्जनमध्ये अडीच इंची ड्राईव्हची जागाच नसते, छोट्या बॅटरीवाल्यात असते. म्हणजे मित्राच्या त्याच नावाच्या लॅपटॉपमध्ये बसली म्हणून तुमच्यात बसेलच असं नाही. आणि ज्यांचा लॅपटॉप ३२ किंवा ६४ जीबी ईएमएमसीवाला (एसएसडीऐवजी साधी स्टोरेज चिप) आहे त्यांची ती मेमरी बोर्डावर सोल्डर केलेली असते, ती बदलता येत नाही, दुसरा रिकामा स्लॉट नसेल तर बाहेरूनच काम चालवावं लागतं.

माझ्या मॅन्युअलमध्ये दुसरा एम डॉट टू स्लॉट, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा, दाखवला होता, रिकामा. तीन वर्षं तो तिथे होता आणि मला पत्ता नाही!

इथे दुसरी चूक. पुण्यात बुधवार पेठेतल्या एका दुकानात गेलो, एम डॉट टू एसएसडी द्या म्हणालो, त्यांनी दिली, घरी येऊन बसवली, फिट बसली, लॅपटॉपला दिसेचना. परत घेऊन गेलो तर काउंटरवरच्या पोराने कार्ड हातात धरून मला त्याची कड दाखवली, "दादा, हे बघा, याला दोन खाचा आहेत, ही साटा आहे, तुमचा स्लॉट एनव्हीएमई मागतोय." साटा ही जुनी, हळू जोडणी आणि एनव्हीएमई नवी, वेगवान. सोनेरी पट्टीत दोन खाचा असल्या की बहुतेक वेळा साटा, एकच खाच असली की बहुतेक एनव्हीएमई, आणि दिसायला दोन्ही च्युइंगमच्या पट्टीएवढ्याच. पक्की खात्री करायची तर बॉक्सवरचं वाचायचं. त्याने कटकट न करता बदलून दिली, वरचे पैसे घेतले एवढंच. लांबीही विचारून घ्या, २२४२ म्हणजे ४२ मिलिमीटर आणि २२८० म्हणजे ८० मिलिमीटर. काही बजेट लॅपटॉपच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये फक्त छोटीच मावते.

शेवटी जी घेतली ती डब्ल्यूडी ब्लू एसएन५८०, १ टीबी, साडेसहा हजारांच्या आतबाहेर. घेण्याची कारणं दोन, पाच वर्षांची वॉरंटी आणि ६०० टीबीडब्ल्यू, म्हणजे पाच वर्षं किंवा ६०० टेराबाईट लिहून होणं, यातलं जे आधी होईल तोपर्यंत कंपनी जबाबदारी घेते. याच्यापेक्षा स्वस्तातल्या काही १ टीबी ड्राईव्हना तीन वर्षं आणि तीनशे-साडेतीनशे टीबीडब्ल्यू मिळतात, रोजच्या वापराला तेही खूप झालं खरं तर, पण आजोबांचा आवाज ठेवायचा होता म्हणून मी हजारभर जास्त घातले. २०२५ च्या शेवटापासून मेमरी चिपचे भाव चढलेत, एआय डेटा सेंटरवाले माल उचलतायत, त्यामुळे माझा भाव आता धरून चालू नका.

बसवणं सांगतो. आधी विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या डेटाचं कुलूप) चालू आहे का बघा आणि असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, बायॉसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदललं की लॅपटॉप कधीकधी ती मागतो. मग बंद करा, रीस्टार्ट नाही, पूर्ण बंद. मागचे दहा स्क्रू काढले, दोन रबरी पायांखाली लपलेले होते, ते न काढता झाकण ओढलं असतं तर क्लिपा तुटल्या असत्या. जुनं एटीएम कार्ड फटीत घालून कडेकडेने फिरवलं, टक टक आवाज करत झाकण सुटलं. सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, नखाने, केबल धरून ओढायचं नाही. ड्राईव्ह तिरकी धरून स्लॉटमध्ये सारायची, ती थोडी वर उचललेली राहते, मग खाली दाबून टोकाला स्क्रू.

आणि तो स्क्रूच नव्हता. रिकाम्या स्लॉटला कंपनीने स्क्रू दिलेला नाही, एसएसडीच्या बॉक्समध्ये पण नाही. इतका बारीक स्क्रू रविवारी रात्री नऊला कुठे शोधणार, सगळं उघडं तसंच झाकून ठेवलं आणि सकाळी कोपऱ्यावरच्या मोबाईल रिपेअरवाल्याकडे गेलो, त्याने डबीतून दोन-तीन लावून बघितले आणि दहा रुपयांत दिला. तुम्ही आधीच आणून ठेवा. लांब स्क्रू पिळून बसवू नका, खाली बोर्ड आहे.

चालू केल्यावर ड्राईव्ह 'धिस पीसी'मध्ये दिसत नाही, घाबरू नका. डिस्क मॅनेजमेंट उघडा, ते जीपीटी की एमबीआर (डिस्कची मांडणी करायच्या दोन पद्धती) विचारेल, जीपीटी घ्या, मग न्यू सिंपल व्हॉल्यूम, झालं. ९३१ जीबी दिसतील, फसवणूक नाही ती, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. नवीन ड्राईव्ह आली म्हणून सी आपोआप मोकळी होत नाही हे मात्र लक्षात घ्या, सेटिंगमध्ये जाऊन नवीन फोटो-व्हिडिओ डी ला, म्हणजे नव्या ड्राईव्हला, जातील असं करावं लागतं, आणि ऑडॅसिटीत टेम्पररी फाईलींचा फोल्डर पण डी वर न्यावा लागतो. हे विसरलात तर सी परत लाल.

स्पीडबद्दल. बॉक्सवर ४,१५० एमबी प्रति सेकंद लिहिलंय, माझ्याकडे क्रिस्टलडिस्कमार्क या स्पीड मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये १,७०० च्या आसपास येतात, कारण माझा दुसरा स्लॉट पीसीआयई ३ चा आणि दोनच लेनचा, म्हणजे जुन्या पिढीचा आणि अरुंद रस्त्याचा. दोष ड्राईव्हचा नाही. आणि काही फरक पडत नाही, कारण हार्ड डिस्कवरून फाईली आणताना ती हार्ड डिस्कच सेकंदाला शंभर-सव्वाशेच्या वर जात नाही. बजेट लॅपटॉपला सगळ्यात फास्ट ड्राईव्हच्या मागे लागू नका, ते पैसे वाया जातात. फरक जाणवला तो कामात. आता साफ केलेली फाईल एक्स्पोर्ट करताना चहा करून यावा लागत नाही, आणि सी मोकळी झाल्याने लॅपटॉप एकूणच कमी अडखळतो. गरम किती होते तेही बघितलं, नुसती असताना ४१ डिग्री, मोठी कॉपी चालू असताना ५८, ठीक आहे.

एक गोष्ट या ड्राईव्हचीच नाही, सगळ्या एसएसडीची. त्या जाताना बऱ्याचदा आवाज न करता जातात, आणि उडवलेली फाईल ट्रिममुळे (विंडोज एसएसडीला ती जागा मोकळी झाल्याचं सांगतं, मग ती पुसली जाते) बहुतेक परत मिळत नाही. म्हणून दर रविवारी सगळं हार्ड डिस्कवर जातं आणि ती ताईच्या घरी असते, माझ्याकडे नाही.

माझ्याकडून या ड्राईव्हला पाचपैकी साडेचार, अर्धा स्क्रूसाठी कापला. सव्वा वर्षात क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राईव्ह तपासायचं सॉफ्टवेअर हेल्थ ९९ टक्के दाखवतंय. ९२ कॅसेट उतरल्यात. ती १९८६ ची आम्ही मुद्दाम शेवटी ठेवणार होतो पण ताईला राहवलं नाही, गेल्या महिन्यात लावली, बी साईड पहिल्यापासून, दोघेही रेकॉर्डिंग संपेपर्यंत टेबलापासून हललो नाही. आजोबांचा तो सूर पूर्ण लागलाय. त्याच्यानंतर कोणीतरी खोकतं आणि आजोबा म्हणतात, "टाळ जरा खाली घ्या रे."