द्राक्षबागेसाठी द्रवरूप बॅसिलस सबटिलिस : औषध चांगले, माहितीपत्रक अतिउत्साही

ऑक्टोबर छाटणीनंतर भुरीसाठीच्या (पाने-घडांवरील पांढऱ्या बुरशीजन्य रोगासाठीच्या) रासायनिक फवारण्या शक्य तेवढ्या कमी कराव्यात, या हेतूने दिंडोरी रस्त्यावरील एका कृषी सेवा केंद्रातून द्रवरूप बॅसिलस सबटिलिस हे बुरशीला रोखणाऱ्या जिवाणूचे औषध घेतले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार जिवाणूविषयी नसून बाटलीसोबतच्या माहितीपत्रकातील एका परिच्छेदाविषयी आहे.

आधी औषधाविषयी. उत्पादनाची तारीख, मुदत आणि प्रति मिलिलिटर जिवंत जिवाणूंची संख्या बाटलीवर स्वच्छ छापलेली आहे. तळाशी बसलेला मातकट साका बाटली हलवताच मिसळतो आणि पंपाच्या नोझलमध्ये अडकत नाही. भुरी दिसण्याआधी जेथे फवारणी झाली, तेथे पाने आणि घड चांगले राहिले. जेथे पांढरी बुरशी आधीच पसरली होती, त्या ओळींत फारसा फरक पडला नाही. हे अपेक्षितच होते, कारण हा जिवाणू पानावरची जागा आधी बळकावतो आणि इटुरिन, फेंगायसिन यांसारख्या द्रव्यांनी बुरशीच्या पेशींचे आवरण दुबळे करतो. तो प्रतिबंधासाठी आहे, उपचारासाठी नव्हे.

आता तो परिच्छेद. ‘हा जिवाणू आयसोप्रीन वायू सोडून वेलीचे कडक उन्हापासून रक्षण करतो,’ असे त्यात लिहिले आहे. आयसोप्रीन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनचा, चटकन हवेत उडून जाणारा पदार्थ. झाकण उघडल्यावर लोण्यासारखा आंबूस वास आला, तेव्हा दुकानदारही म्हणाले, “भाऊ, हाच तो वायू.” तसे नाही. लोण्याचा वास ॲसिटोइनसारख्या पदार्थांचा असतो, तर आयसोप्रीनचा वास पेट्रोलच्या जवळ जाणारा आणि सौम्य असतो.

जिवाणू आयसोप्रीन तयार करतात, हे मात्र खरे आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाच्या संशोधकांनी ते दाखवून दिले, आणि तपासलेल्या जिवाणूंत बॅसिलसच अधिक आयसोप्रीन सोडणारा ठरला. पुढे १९९९ मध्ये त्याच गटाला बॅसिलस सबटिलिसमध्ये याचे तीन वेगळे टप्पे दिसले: ग्लुकोज संपवून ॲसिटोइन बाहेर टाकताना, नंतर तेच ॲसिटोइन खाताना, आणि शेवटी बीजाणू बनण्याच्या सुरुवातीला. बाटलीत भरलेले जिवाणू मात्र बहुतांश बीजाणूच्या सुप्त रूपात असतात, म्हणजे हा सारा व्यवहार थांबवून झोपी गेलेले.

वनस्पतींना आयसोप्रीन उष्णतेत उपयोगी पडते, हेही खरे. पण ते पानाच्या हरितलवकात, आतल्या आत तयार होते. जगभरातील वनस्पती वर्षाला सुमारे ५० कोटी टन आयसोप्रीन हवेत सोडतात, आणि बांधावरचे निलगिरी किंवा बांबूही त्यात वाटा उचलतात. त्यापुढे पानावर फवारलेल्या जिवाणूंचे योगदान नगण्य आहे. शिवाय हा पदार्थ ३४ अंश सेल्सिअसलाच उकळतो, त्यामुळे नाशिकच्या उन्हात तो वेलीवर टिकून राहण्याचा प्रश्नच येत नाही. हवेत गेल्यावर काही तासांतच त्याचे विघटन होते आणि वाहनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड सोबत असल्यास जमिनीलगतच्या ओझोनच्या निर्मितीला तो हातभार लावतो. ओझोन द्राक्षाच्या पानांना अपायकारक असतो. ‘वेलीचे रक्षण’ या शब्दांपुढे कंपनीने हेही छापायला हवे होते!

मातीची बाजू तर पत्रकात मुळीच नाही, आणि मला तीच अधिक रंजक वाटते. तेथे आयसोप्रीनवरच पोसणारे जिवाणू असतात. ऱ्होडोकोकस आणि व्हॅरिओव्होरॅक्स यांच्या काही वाणांकडे आयसोप्रीन मोनोऑक्सिजनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते, जे या वायूला ऑक्सिजन जोडून एपॉक्साइड बनवते. एपॉक्साइड पेशीला विषारी असल्याने त्याला लगेच ग्लुटाथायोन हा पेशीतील संरक्षक रेणू जोडला जातो, आणि पुढे कार्बनचा वापर वाढीसाठी होतो. त्यामुळे मातीत कोणी थोडे आयसोप्रीन सोडले, तरी त्यातला काही भाग हवेत पोहोचण्याआधीच शेजारी फस्त करतात.

बाटली पुन्हा घेईन, पण भुरीच्या प्रतिबंधासाठीच. ती सावलीत ठेवावी, तांबेयुक्त औषधे किंवा बोर्डो मिश्रणात मिसळू नये आणि संध्याकाळी फवारावी. उन्हाच्या तडाख्यासाठी मात्र पैसे आच्छादनावर आणि सावलीच्या जाळीवर खर्च करावेत.