आईला रेडिओ घ्यावा, डिशची छत्री लावावी की मोबाईलवर ॲप टाकून द्यावं?

शेजारचा मुलगा परवा जिन्यात भेटला. म्हणाला, "काका, केबल बंद करतोय. आई त्या दोनशे वाहिन्यांतलं काहीच बघत नाही. तिला आकाशवाणी आणि सह्याद्री एवढंच हवंय. तर काय घेऊ?" हातात भाजीची पिशवी होती, त्यामुळे मी "साधा रेडिओ घे रे" म्हणून मोकळा झालो. वर आल्यावर वाटलं, उत्तर अर्धवट दिलं. आमच्या सोसायटीतच असे तीन-चार जण असतील. पुण्यात तर किती! म्हणून हे जरा सविस्तर.

आपण "आकाशवाणी-दूरदर्शन" एका दमात म्हणतो. १९९७च्या नोव्हेंबरपासून दोन्ही प्रसार भारतीच्या छत्राखाली आहेत, हेही खरं. पण पुणेकराच्या घरात दोघींची नाती वेगळी. आकाशवाणी पुणे ही घरची लेक. सह्याद्री मुंबईहून येणारी पाहुणी. चांगली, जुन्या ओळखीची, पण पाहुणीच. कुठलं यंत्र घ्यायचं याचा निम्मा निर्णय इथेच होतो, म्हणून थोडा इतिहास.

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालं. दोन वर्षं होतात न होतात तोच या केंद्रानं जे केलं, त्यावर ते आजही मिरवू शकतं. सीताकांत लाड तेव्हा आकाशवाणीत होते. त्यांनी गदिमांना वर्षभर चालेल असं काहीतरी मागितलं, आणि १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, 'गीतरामायण' सुरू झालं. दर आठवड्याला नवं गीत, चाल सुधीर फडक्यांची. वर्षाचे आठवडे बावन्न, पण गीतं झाली ५६, कारण त्या वर्षी अधिक महिना आला. पुढच्या रामनवमीपर्यंत, म्हणजे १९ एप्रिल १९५६पर्यंत, ही मालिका चालली. आज एखादी वेबमालिका सलग आठ भाग धड काढत नाही. इथे कवी, संगीतकार आणि वादक मिळून वर्षभर दर आठवड्याला वेळ पाळत होते. त्याच वर्षी गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रावर रुजू झाले आणि पुढची तीस वर्षं ग्रामीण कार्यक्रम सांभाळत राहिले. बातम्यांत सुधा नरवणे यांचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना मी काय वेगळं सांगणार. आमच्या घरी त्या आवाजावर कुकरची शिट्टी मोजली जायची.

आता दूरदर्शन. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि वर्षभरानं, १९७३ साली, सिंहगडावर मनोरा उभा राहिला. गडावर पिठलं-भाकरी खायला जाणाऱ्यांनी तो पाहिलेला असतो. पण या मनोऱ्याचं काम काय होतं? मुंबईहून आलेलं चित्र पुण्याकडे सोडायचं. कार्यक्रम ठरायचे वरळीत. मराठी उपग्रह वाहिनी १५ ऑगस्ट १९९४ला सुरू झाली आणि २०००मध्ये तिला सह्याद्री हे नाव मिळालं. नाटक, संगीत, शेती, साहित्य यांना तिनं जेवढी जागा दिली तेवढी कुठल्या खासगी मराठी वाहिनीनं दिलेली नाही, हे माझं ठाम मत. पण ती अख्ख्या महाराष्ट्राची आहे. गुरुवारी तुमच्या पेठेत पाणी येणार की नाही, हे तिनं सांगावं अशी अपेक्षा ठेवू नये.

सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी पुण्याहून लागणारं प्रादेशिक बातमीपत्र हे म्हणून मोलाचं. जून २०२३मध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरकडे न्यायचा आदेश निघाला होता. पुण्यातून इतका आरडाओरडा झाला की त्याला स्थगिती द्यावी लागली. त्या आठवड्यात मला जन्मात रेडिओ न लावणाऱ्यांचेही निषेधाचे निरोप आले. असो, ओरडले हे चांगलंच केलं.

तर आईला मुख्यतः पुणे हवं असेल तर ती रेडिओची गिऱ्हाईक आहे. आणि आता सगळ्यात मोठा खड्डा, ज्यात मी स्वतः पडलो. पुणे केंद्र मध्यम लहरींवर आहे, म्हणजे रेडिओच्या डब्यावर ज्याला एएम किंवा एमडब्ल्यू लिहितात त्यावर: ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे जुन्या हिशेबानं ३७८.८ मीटर. शंभर किलोवॅटचा प्रक्षेपक आहे. सोलापूर रस्त्यावर हडपसरला बसचा 'आकाशवाणी' नावाचा थांबा आहे. नवख्याला वाटतं इथे गायक येत असतील. गायक येतात शिवाजीनगरला, हडपसरला आहे तो प्रक्षेपक. विविध भारती मात्र एफएमवर, १०१वर. मी तापकीर गल्लीत गेलो, दुकानदारानं देखणा, ब्लूटूथवाला, पेनड्राइव्ह लागणारा रेडिओ दिला, "सगळं लागतं काका" म्हणाला. घरी आणून पाहतो तर त्यात मध्यम लहरी नाहीतच! फक्त एफएम. परत गेलो तर "हल्ली एएम कोण ऐकतं" हे वर ऐकून घेतलं. तेव्हा डब्यावर एफएम आणि एएम, किंवा एमडब्ल्यू, ही दोन्ही अक्षरं बघूनच पैसे द्या. शक्य तर दुकानातच ७९२ लावून बघा, जरी तिथल्या शेकडो चार्जरांच्या खरखरीत ते नीट लागणार नसलं तरी.

त्या खरखरीचंही सांगतो. मध्यम लहरींचा हाच दोष आहे. एलईडी दिवे, स्वस्तातले चार्जर, मिक्सर, वायफायचा अडॅप्टर, सगळे त्यांच्यात कुरकुरतात. सिमेंटच्या खोलीत आतल्या भिंतीशी ठेवलात तर आवाज बसतो. रेडिओ खिडकीशी न्या आणि सावकाश गोल फिरवा. आतली अँटेना ही फेराइटची कांडी असते, तिला दिशा कळते. एका ठिकाणी आवाज एकदम स्वच्छ होतो. तिथे खूण करा. वरची चकचकीत दांडी कितीही ओढलीत तरी ती एफएमसाठी असते, ७९२ला तिचा उपयोग नाही. माझे मेहुणे वर्षभर ती दांडी ओढत होते.

एफएमला ही कटकट नाही, आवाज गोड. विविध भारती हा बहुतांशी हिंदी कार्यक्रम, मधेमधे स्थानिक मराठी. ३ ऑक्टोबर १९५७पासूनची ही सेवा आहे आणि तिच्यावर जाहिराती आल्या १ नोव्हेंबर १९६७ला. पहिली तीन शहरं मुंबई, पुणे आणि नागपूर. सरकारी रेडिओवर जाहिराती नसतात असं कुणी म्हणालं की मी ही तारीख सांगतो. खासगी एफएम, म्हणजे ९१.१वरची रेडिओ सिटी, ९८.३वरची मिर्ची वगैरे, आईला चालतील का? गाणी हवी असतील आणि निवेदकांच्या बडबडीचा त्रास नसेल तर चालतील. पण एक लक्षात ठेवा: खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या करायची परवानगी नाही. लावल्याच तर आकाशवाणीच्या, जशाच्या तशा. म्हणजे बातम्यांसाठी शेवटी दार एकच. विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४वर आणि फिल्म इन्स्टिट्यूटचा रेडिओ ९०.४वर लागतो. ही दोन्ही सामुदायिक केंद्रं, आणि अशा केंद्रांना १०० वॅटच्या मर्यादेत राहावं लागतं, त्यामुळे औंध-एरंडवण्यात लागेल ते वाघोलीत लागेलच असं नाही. जवळ राहत असाल तर जरूर ऐका, पण आईचा दिवस त्यावर सोपवू नका.

आता ॲप. 'न्यूज ऑन एअर' फुकट आहे, त्यात देशभरातल्या आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक सेवा आहेत आणि पुणेही आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये प्रसार भारतीनं 'वेव्ह्ज' नावाचं दुसरं ॲप आणलं, त्यात दूरदर्शनच्या वाहिन्याही दिसतात. खरखर नाही, फिरवाफिरवी नाही, अमेरिकेतल्या मुलीकडे गेलं तरी पुणे केंद्र सोबत. कागदावर हेच पहिलं यावं.

कागदावर. कारण ॲप उघडणार कोण? चष्मा शोधायचा, फोनचं कुलूप उघडायचं, मध्ये अपडेट मागितलं तर 'नाही' कुठे दाबायचं, आणि वाजत असताना कुणाचा फोन आला की गाणं थांबलं, ते पुन्हा चालू कसं करायचं. शिवाय इंटरनेटवरून येणारं प्रक्षेपण मागे असतं. बातम्यांआधीचे ते टुक्-टुक् ठोके ऐकून घड्याळ लावायची ज्यांना सवय आहे, त्यांचं घड्याळ ॲपमुळे मागे पडेल. माझ्या बहिणीकडे स्वयंपाकघरात रेडिओ आणि हॉलमध्ये ॲप असं दोन्ही एकदा चालू होतं. रेडिओतली बाई नमस्कार म्हणाली आणि बऱ्याच वेळानं हॉलमधली तीच बाई नमस्कार म्हणाली. भाचे हसून लोळले.

मोबाईलमध्येच एफएम असतं की, असं कुणी म्हणेल. काही फोनमध्ये असतं. पण त्याला तारेचा इअरफोन लावावा लागतो, ती तारच अँटेना असते. नव्या बऱ्याच फोनना ते भोकच नाही. आणि असलं तरी फोनवर एफएमच लागणार, ७९२ नाही.

आणि टीव्ही. गच्चीवरचा जुना माशाच्या काट्यासारखा अँटेना अजून असेल तर भंगारात द्या. दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे जमिनीवरचे प्रक्षेपक बहुतेक बंद झाले आहेत. सह्याद्री फुकटात हवी तर डीडी फ्री डिश, म्हणजे प्रसार भारतीची उपग्रहावरून येणारी सेवा. २००४च्या डिसेंबरात ही सेवा सुरू झाली, तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. छत्री, खोका आणि बसवणाऱ्याची मजुरी एकदाच. नंतर महिन्याला एक रुपयाही नाही. दोन अटी मात्र आहेत. उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे पुण्यातून छत्रीचं तोंड आग्नेयेला हवं आणि त्या बाजूचं आकाश मोकळं हवं. तुमची गॅलरी पश्चिमेला असेल किंवा समोर बावीस मजले उभे राहिले असतील तर गच्ची गाठावी लागेल, आणि गच्चीसाठी सोसायटीचे सेक्रेटरी. त्या विषयावर मी बोलत नाही. दुसरी अट, खोका एमपीईजी-४चाच (चित्र पाठवायच्या नव्या पद्धतीचा) घ्या. जुना स्वस्त खोका कुणी गळ्यात मारला तर काही वाहिन्या दिसणारच नाहीत.

जुलैत खडकवासल्याकडून आडवा पाऊस आला की छत्रीवरचं चित्र फुटतं, हेही गृहीत धरा. वीज गेली तर टीव्ही बंद, थोड्या वेळानं वायफाय बंद, म्हणजे ॲपही आजारी. सेलवरचा रेडिओ तेवढा बोलत राहतो. पुरात, वादळात हाच एक मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी पडतो, पण तो आठवतो मात्र अंधारात. फ्री डिशवर आकाशवाणीच्याही बऱ्याच वाहिन्या ऐकू येतात, पण त्यासाठी टीव्ही लावून काळ्या पडद्यासमोर बसायचं. माझ्या आईनं एक दिवस बसून पाहिलं, म्हणाली, "हे म्हणजे समईसमोर बसल्यासारखं आहे, फक्त समई नाही."

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही सगळी सरकारी बातमी आहे. उद्घाटनं सविस्तर, भांडणं थोडक्यात. कायद्यानं प्रसार भारती स्वायत्त आहे, पण तिच्या पगाराचा खर्च केंद्र सरकार उचलतं, आणि ते बातम्यांच्या क्रमात ऐकू येतं. सरकारशी वाद घालणारी बातमी हवी असेल तर वर्तमानपत्र चालू ठेवा. मला स्वतःला सकाळी दहा मिनिटं कुणी ओरडत नाही, सहा चौकोनांतून सहा माणसं एकदम बोलत नाहीत, हेच इतकं आवडतं की बाकीचं मी पेपरात वाचून घेतो.

मग त्या मुलाला शेवटी काय सांगितलं? आई सकाळी स्वयंपाकघरात असते, दृष्टी अधू आहे, ऐकू नीट येतं: तर पहिला रेडिओ, एएम-एफएम दोन्हीचा, गोल चकतीचा, सेल आणि वीज दोन्हीवर चालणारा. संध्याकाळी तिला सह्याद्रीवरची नाटकं आणि गाणी बघायची असतील आणि आग्नेय मोकळी असेल, तर फ्री डिश. आग्नेय झाकलेली असेल आणि घरात वायफाय आधीच असेल, तर छत्रीच्या भानगडीत न पडता टीव्हीवर यूट्यूब लावून सह्याद्रीची वाहिनी काढून द्या. ॲप मुलानं स्वतःच्या फोनवर घ्यावं. कामावरून येताना पुणे केंद्र ऐकलं की आईशी बोलायला विषय मिळतो, आणि अडचण आली तर तो पलीकडून सांगू शकतो की केंद्र बंद नाही, तुझा रेडिओ हललाय.

आकड्यांचे, बटणांचे, आठवणीत केंद्रं साठवणारे रेडिओ तरुणांना बरे वाटतात. सत्तरीच्या बाईला चकतीच बरी. फक्त ती चकती लावताना काटा ७९२वरून नऊशेवर घसरतो. त्यावर उपाय आमच्या घरी झालेला आहे: काचेवर ७९२पाशी लाल नेलपॉलिशचा एक ठिपका आणि १०१पाशी दुसऱ्या रंगाचा. कुठला रंग कशाचा, हे आईला आधी सांगून ठेवा.